परीक्षा फॉर्मची होती

माझ्या नणंदेइतकं मनापासून रागावणारं माणूस नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरं नाही, आणि एखादं निघालंच तर ते तिच्याच हाताखाली शिकलेलं असणार. ती नांदेडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणजे राग कसा आवरावा हे पगार घेऊन पोरांना समजावते. स्वतःचा राग मात्र तिने कधीच आवरला नाही. कंडक्टर नुसतं 'मागं सरका' म्हणाला की ती रागावते, चहा कागदी कपात आला की रागावते, 'उपस्थिती प्रार्थनीय' असं छापलेली पत्रिका आली की थेट वधूपित्याला फोन लावून विचारते, "प्रार्थना नेमकी कोण करणारंय?" घरात आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचं हत्यार दोनच शब्दांचं, "म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले, थोडी काळजी घ्या. आक्का म्हणाली, "थोडी म्हणजे काय? किती, आणि कशाची?" डॉक्टरांनी शेवटी गुडघ्याचं औषध सोडून झोपेचं लिहून दिलं, ते कुणासाठी होतं ते अजून कळलेलं नाही. आमच्या लातूरच्या मंडईतल्या मावशींना तिने एकदाच विचारलं होतं, "ताजी म्हणजे काय?" तेव्हापासून आक्का लांबून दिसली तरी त्या मेथीच्या जुडीवर हात ठेवून आपणहून ओरडतात, "कालची हाय, आक्का, कालची!"

सगळ्यांत मोठा राग फोनवर. भाच्याने घेऊन दिलेला चांगला फोन ती नॅपकिनात गुंडाळून कपाटात ठेवायची. कामापुरता बाहेर काढायची आणि तो वाजला की आपल्यावर कुणी ओरडतंय असं समजून त्याच्यावर ओरडायची. "पोचले. तूरडाळ पाठव," एवढं म्हटलं की फोन बंद. आता यात माझी पंचाईत अशी की माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, आमच्याकडे लातूरला असतात. गुडघे धरलेले, ऐकायला कमी. आक्काचा फोन आला म्हटलं की त्या बाजेवरून उठायच्या, भिंतीला धरत धरत यायच्या, आणि माझ्यापर्यंत पोचेतो तिकडून फोन ठेवलेला असायचा. "गेली का?" त्या विचारायच्या. "गेली," मी सांगायची. मग त्या तशाच भिंतीला धरून परत जायच्या. मला इतका संताप यायचा! जगाला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या बाईला आईशी दोन शब्द बोलायला होत नाही म्हणजे काय? पण हे तिला सुनावणार कोण?

तर अशा या आक्काने पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी. करायला घेतली. विद्यार्थ्यांना इंटरनेटचं व्यसन लागलंय की नाही हे ओळखायची एक परदेशी प्रश्नावली आहे, ती मराठीत आणायची आणि मराठीत आल्यावर ती खरंच जे ओळखायचं तेच ओळखते का, हे तपासायचं. "परीक्षा फॉर्मची आहे, पोरांची नाही," हे वाक्य तिने कॉलेजात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा सांगितलं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं. ते समजलं कुणालाच नाही. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून भाषेसाठी तिने मला धरलं. पहिलं भाषांतर तिच्या कुणा विद्वान सहकाऱ्याने केलेलं होतं. त्यात पोरांना विचारलं होतं, 'आंतरजालाशी संपर्क खंडित झाल्यास आपणांस अस्वस्थता जाणवते काय?' आक्काने कागद आपटला. "मास्तरीणबाई, ह्या भाषेत आता लग्नपत्रिकाबी कुणी छापत न्हाई!" मग आम्ही दोघींनी पोळ्या लाटता लाटता तो प्रश्न सरळ केला, 'फोनवरचा संपर्क तुटला की तुम्हाला बेचैन वाटतं का?' पुढे खूण करायला चार उत्तरं, कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. वाक्य साधं झालं म्हणून मी खूश होते. आक्का तेव्हाही म्हणाली होती, "बेचैन म्हणजे काय, ते पोरंच सांगतील."

लातुरात क्लासच्या पोरांना तोटा नाही. एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात परवानगी मिळाली. फॉर्म वाटले, आणि पहिला हात वर आला, "म्याडम, निगेटिव्ह मार्किंग हाय का?" दुसरीने विचारलं, माहीत नसलं तर सोडलं तर चालेल का. तिसरीला उत्तरतालिका कधी लागणार ते हवं होतं. आक्का त्यांच्यावर रागावेल म्हणून मी डोळे मिटून घेतले, पण विद्यार्थ्यांवर ती रागवत नाही, हे सांगायचं राहिलंच. प्रत्येकीजवळ बसून तिने समजावलं. पंधरा दिवसांनी त्याच मुलींकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा असतो. दोन्ही वेळी उत्तरं साधारण तीच आली तर फॉर्म भरवशाचा. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो, तर अख्ख्या वसतिगृहाने सगळ्या प्रश्नांपुढे 'कधीच नाही' अशी खूण केलेली! मधल्या काळात रेक्टरबाईंनी झेरॉक्स काढून ठेवलेल्या पहिल्या फॉर्मांची बेरीज करून ज्यांचे मार्क जास्त त्यांना उभं केलं होतं, आणि मग सगळ्यांकडून बरोबर उत्तरांचा सराव करून घेतला होता. एकाच मुलीची उत्तरं पहिल्या वेळची जशीच्या तशी होती. निलंग्याकडच्या खेड्यातली ती मुलगी, आणि तिची ट्रंक बांधून दारात ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील तिला घरी न्यायला येणार होते.

कारण विचारलं तर क्लासचे संचालक सर म्हणाले, "तुमच्याच फॉर्मात लिवलंय की म्याडम, एवढ्या मार्कांच्या वर गेलं की धोका. आम्ही चौकात बोर्ड लावलाय, मोबाइलवेड नसलेलं वसतिगृह. ॲडमिशनचे दिवस हायत." आक्काचा चेहरा असा झाला की मी माझी पर्स घट्ट धरली. पण ती आधी मुलीकडे वळली, तिच्या शेजारी ट्रंकेवरच बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बेचैन वाटतं, नेहमी, असं लिहिलंस. म्हणजे काय गं?" मुलगी म्हणाली, "सांजच्याला अभ्यासाला फोन देतेत ना म्याडम, तवा मी आईला व्हिडिओ लावती. आई भाकरी करायली असती, मी गणितं सोडवायली असती. बोलत न्हाई काई. नुसतं चालू ठिवतो. रेंज गेली की मग गणित सुटत न्हाई." एवढं बोलून ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आणि मग आक्का उठली. मी तिचे पुष्कळ राग पाहिलेत, पण ते सगळे या रागाची रंगीत तालीम होते. "अहो, त्यो फॉर्मच अजून पास झालेला न्हाई!" ती सरांना म्हणाली. "परीक्षा फॉर्मची होती! आन तुमी त्याच्यावर लेकराला नापास करायलाव? साऱ्या वसतिगृहात दोन्ही येळेला खरं बोललेली एकच पोर हाय, तिलाच घरी धाडायलाव?" सर म्हणाले, रोज तासभर फोन चालू ठेवणं हे वेडच. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो घेतला, ठेवला, दुसरा वाजला. "माझा धंदाच फोनवर हाय," ते ओशाळून म्हणाले. "तिची आईबी फोनवरच हाय," आक्का म्हणाली. तरी ते ऐकेनात. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेला दांडी मारायला लावून तिने क्लासच्या दारातल्या बाकावर बैठक मारली, आणि प्रवेशासाठी येणाऱ्या प्रत्येक आईबापाला बोर्डाकडे बोट दाखवून प्रेमाने विचारू लागली, "मोबाइलवेड म्हणजे काय, सांगा बघू." लोक थांबायला लागले. कुणी म्हणालं, आमची पोरगी रोज घरी फोन करते, ते धरतात का? कुणी आत न जाताच परत फिरलं. दुपारपर्यंत सर स्वतः चहा घेऊन बाहेर आले. चहा कागदी कपात होता, आणि आक्काने तो मुकाट्याने घेतला, यावरून मी ओळखलं की काम झालं. ट्रंक आत गेली. मुलीचे वडील एसटीने येऊन पोचले होते, त्यांना हा सगळा प्रकार मी दोनदा समजावला. "म्हंजी, पोरगी ऱ्हायली नव्हं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि रिकाम्या हाताने परतीच्या गाडीला गेले.

आक्काला मात्र हे प्रकरण महागात पडलं. त्या वसतिगृहाचे सगळे फॉर्म तिने बाद केले. तो बेचैनीचा प्रश्न इथल्या वसतिगृहातल्या पोरांना लागू पडत नाही, व्यसन आणि घरची ओढ त्याला वेगळी करता येत नाही, असं तिने स्पष्ट लिहिलं. गाइड म्हणाले, "मॅडम, घाला ते गठ्ठे आत. कोण विचारतंय?" "मी विचारते ना," आक्का म्हणाली. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आता ती किनवटच्या एका वसतिगृहात जाऊन एकेका पोराजवळ बसते, आणि तिच्या निवृत्तीआधी नावामागे 'डॉ.' लागेल असं आता तीही म्हणत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तिला वाटत असेल तर ती दाखवत नाही, ती फक्त रागावते.

पण त्या दिवसानंतर आठवड्याभराने संध्याकाळी तिचा फोन आला. मी घाईने म्हटलं, "बोला आक्का, काय पाठवू?" तिकडून शेगडी पेटवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काई न्हाई. व्हिडिओ लाव आन फोन आईम्होरं ठेव." मी बाजेसमोरच्या स्टुलावर पिठाचा डबा ठेवला आणि त्याला फोन टेकवला. तिकडे नांदेडला आक्का भाकरी थापत होती आणि गॅसच्या शेगडीवर रागावत होती. इकडे सासूबाई डाळ निवडत बसल्या. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. आता हे रोजचंच झालंय. परवा मध्येच रेंज गेली. "गेली का?" सासूबाईंनी विचारलं. "येईल आत्याबाई, रेंज गेलीय," मी म्हटलं. त्यांनी डाळीचं ताट बाजूला सारलं, पदराने फोनची काच पुसली, आणि तो होता तसा डब्याला टेकवून त्याच्याकडे बघत बसल्या.