रामभाऊंनी नाकारलेलं टरबूज

वैनगंगेच्या वाळूत पिकलेली टरबुजं रामभाऊ मेश्रामांनी भंडाऱ्याच्या बाजारात चाळीस वर्षं विकली, पण गिऱ्हाइकाला एकही कापून दाखवलं नाही. "घरी नेऊन काप. फिकं निघालं तर माह्या नावानं बोंब मार," एवढीच त्यांची हमी. आता सत्तरी ओलांडल्यावर ते टेक्सासात, शुगर लँडला, मुलाकडे राहत होते. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, दिवसभर करायला काही नाही. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला ऐंशी माणसांसाठी टरबुजं निवडायचं काम मिळालं, तेव्हा म्हातारबुवा आठवडाभर हरखून गेले होते.

सून हर्षिता त्यांना दुकानात घेऊन गेली. ती केमिकल इंजिनिअर. आकडा दिसल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. रामभाऊंनी आधी देठ शोधला. इथल्या टरबुजांना देठच ठेवत नाहीत! मग एकेक उचलून हातावर तोललं, बुडाचा पिवळा डाग पाहिला आणि चक्क कान टेकवून टिचकी मारली. येणारे-जाणारे थबकून बघायला लागले. हर्षिता लाजेनं अर्धी झाली.

"बाबा, सगळी सेमच असतात. लेट होतोय."

"हे नको, बाई. हे मुकं हाय," म्हणत त्यांनी एक चांगलं तुकतुकीत टरबूज परत ठेवलं.

त्यांची पाठ वळताच हर्षितानं तेच उचलून गुपचूप कार्टमध्ये घातलं. बघू तर खरं!

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये सुरी चालू लागली. पहिलं लालभडक. दुसरं, तिसरं, पार नवव्यापर्यंत सगळी लाल, रवाळ, गोड. पोरांच्या हनुवटीवरून रस गळत होता. हर्षिताच्या अंगावर काटा आला. कुठलं यंत्र नाही, मीटर नाही. नुसत्या कानानं या माणसानं बंद फळाच्या आतलं पाहिलं होतं!

दहावं पांढुरकं निघालं. रामभाऊंनी एक फोड तोंडात घातली आणि त्यांचा चेहराच पडला. हात पुसून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"चालतं हो काका, एखादं," कुणीतरी म्हणालं.

हर्षिता सगळ्यांसमोर त्यांच्यापाशी गेली. "बाबा, ते तुम्ही सिलेक्ट केलंच नव्हतं. तुम्ही परत ठेवलेलं मीच उचललं. तुमची टेस्ट घ्यायला. सॉरी."

आता रागावतील, असं तिला वाटलं. पण रामभाऊंनी डोळे पुसले.

"मले वाटलं, कान गेले माहे," ते म्हणाले. "मंग माह्याजवळ उरलं काय, बाई?"