एकाच पोराचं दोनदा दत्तक

माझी सासू जळकी होती. मी सून आहे म्हणून मागून बोलते असं समजू नका. तिच्या तोंडावर म्हणायचे. ती म्हणायची, "हाव, हाये मी जळकी. तुले काय करायचं हाये?" आणि पुन्हा चुलीकडे तोंड करायची. शेजारणीची म्हैस जरा जास्त दूध द्यायला लागली की हिचं पोट दुखायचं. अमडापूरच्या बाजारात कुणाच्या लुगड्याचा काठ आपल्यापेक्षा रुंद दिसला, तर अर्धा बाजार टाकून घरी यायची आणि दिवसभर भांडी आपटायची. पण ही सगळी किरकोळ जळजळ. तिचा खरा जळफळाट एकाच बाईवर होता, लोणारकडच्या तानुबाईवर. माझ्या नवऱ्याला जन्म दिला तानुबाईनं आणि वाढवलं माझ्या सासूनं, सोजराबाईनं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सोजराबाईचा नवरा निवृत्ती तरणाताठा असतानाच गेला. भावकीतली वाटणी आधीच झालेली होती, त्यामुळे शेत तिच्या ताब्यात राहिलं आणि तिनं ते गडीमाणसांच्या उरावर बसून करून दाखवलं. पदरी मूल नव्हतं. गावातल्या बायका आपली पोरं कडेवर घेऊन पाण्याला निघाल्या की ती घरात जाऊन बसायची. निवृत्तीचा चुलतभाऊ भगवंतराव येता-जाता विचारायचा, "वहिनी, तुमच्या मागं कोन?" त्यात काळजी किती आणि शेतावरचा डोळा किती, हे तिला बरोबर कळायचं.

भावकीतल्याच तानुबाईचा नवरा त्या सुमारास वारला. तिला तीन पोरं. धाकटा शालिग्राम, दोन-अडीच वर्षांचा. सोजराबाई स्वतः जाऊन मागून आली. तानुबाईनं रात्रभर विचार केला म्हणे, आणि सकाळी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "न्या, जाऊबाई. तुमच्याकडं एकटाच राहीन. लाडात वाढंन."

आता रीत अशी की दत्तकाच्या दिवशी बाप, आणि बाप नसला तर आई, चार लोकांसमोर पोर उचलून घेणारीच्या मांडीवर ठेवते. दिला म्हणते, ती घेतला म्हणते. बाकी हळदकुंकू, साखर, जेवण हे सगळं नंतरचं. पण सोजराबाईनं तानुबाईला निरोप धाडला, तू येऊ नको, तुला पाहून लेकरू रडेल. हे सांगायचं कारण. पोटातलं कारण तिनं मला बऱ्याच वर्षांनी, कशावरून तरी चिडलेली असताना सांगितलं. "साऱ्या गावानं तिले पाह्यलं असतं न वं. म्हनलं असतं, हे पाहा त्याची माय. मंग मी कोन? दाई?"

तेव्हा पोराचा काका मोतीराम त्याला खांद्यावर बसवून घेऊन आला. पाटील, पंच, सगळे ओसरीवर बसले होते. मोतीरामनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं, दिला म्हणाला, हिनं घेतला म्हटलं, साखर वाटली. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. काका घरातला कर्ता पुरुष. जिथं विधवा बाईला चार लोकांत पुढंही येऊ देत नाहीत, तिथं काकाचा हात चालणार नाही आणि तिचाच लागतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

शालिग्राम लगेच रुळला. हिला आई म्हणू लागला. सुखानं राहायचं की नाही? पण नाही. पोर हातानं खायला लागलं आणि डावा हात पुढं करायला लागलं. तानुबाई डावखोरी होती. विळा डाव्या हातानं चालवायची, भाकरीही डाव्या हातानंच थापायची. कापसाच्या वेचणीला आलेली एक बाई शालिग्रामला पाहून सहज बोलून गेली, "आगबाई, थेट मायवर गेलं पोट्टं!" झालं. त्या बाईला सोजराबाईनं पुन्हा वेचणीला बोलावलं नाही.

डाव्या हातानं जेवू नये म्हणून पोराला सगळेच टोकतात. मीही टोकलं असतं. पण हिनं त्या हाताशी दावाच मांडला. जेवताना त्या हातावर बसायला लावायची. गोटी डाव्या हातानं मारली तर जेवण बंद. एकदा तर पदराच्या चिंधीनं तो हात कमरेला असा आवळून बांधला होता की मनगट सोललं. माझा नवरा हे हसत हसत सांगायचा, पण सांगताना उजव्या हातानं डावं मनगट चोळायचा. तानुबाई दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी गाडीबरोबर सांडग्या-कुरडयांचं गाठोडं पाठवायची. सोजराबाई ते आंबोणात मिसळून म्हशीला घालायची. भेटायला येऊ का, असा निरोप आला की कधी पोराला गोवर आलेला असायचा, कधी हीच गावाला गेलेली असायची. तानुबाईनं मग विचारणं सोडलं.

शालिग्राम दहा-अकराचा झाला आणि भगवंतरावानं वकिलाकडून नोटीस दिली. हे दत्तक दत्तकच नव्हे.

सोजराबाई बुलढाण्याला गेली. महादेवराव म्हणून एक वकील होते. हे असले दत्तकाचे बखेडे ते नेहमी पाहायचे आणि बायकांशी नीट बोलायचे, म्हणून कुणीतरी त्यांचं घर दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मूल तुमच्या मांडीवर ठेवलं कुणी?"

"त्याच्या काकानं. मोतीरामनं."

"आई कुठं होती?"

"घरी होती. तिचा होकार होता न. ते नाही आली."

"का नाही आली?"

सोजराबाईनं नोटिशीचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. वकिलांनी समजून घेतलं असावं. ते म्हणाले, "बाप नसला की मूल द्यायचा हक्क एकट्या आईचा. काका, आजा, मामा, कुणी देऊ शकत नाही. भगवंतरावानं नेमकं तिथंच बोट ठेवलंय. आईच्या सांगण्यावरून काकानं नुसतं उचलून ठेवलं, असं मी कोर्टात म्हणू शकतो, पण ते सांगायला तीच साक्षीला पाहिजे. त्यापेक्षा माझं ऐका. मुलगा अजून लहान आहे, लग्न झालेलं नाही. पुन्हा दत्तक घ्या. या वेळी आईच्या हातून, सगळ्या गावासमोर. मग कुणाची तक्रार टिकणार नाही."

"अन् ते नाही म्हनली तं?"

"तर मुलगा तिचा. खरं सांगायचं तर आज, या घटकेलासुद्धा, कायद्यानं तो तिचाच आहे."

माझी सासू कधी कुणापुढे रडली नाही, पण वकिलांच्या ओसरीवरून उतरताना पायरी दिसली नाही आणि ती खाली बसली. इतकी वर्षं जिला दारात उभं केलं नाही, तिच्या दारात जायचं. आणि काय मागायचं, तर आपलंच पोर.

ती गेली. तानुबाई वांग्याच्या वाफ्यात होती. हिला पाहून उठली, हात लुगड्याला पुसले, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. सोजराबाईला तेही सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. सगळं सांगून झाल्यावर तानुबाई म्हणाली, "भगवंतराव आलते माह्याकडं. म्हने, पोरगं तुहंच हाये, घेऊन ये, कोनी अडवत नाही तुले."

"मंग? तू काय म्हनली?"

"काई नाही म्हनली. इचार करून राह्यली." तानुबाईनं एक किडकं वांगं तोडून बांधावर टाकलं. "जाऊबाई, देल्लं तं होतं म्या. पन माह्या हातानं कुठी देल्लं? मले तं येऊच नाही देल्लं तुमी. एक काम करा. पोयाले पाठवा त्याले माह्याकडं. सन होऊ द्या. जे चीज आपली नाही ते देता कशी येईन? पह्यले माहा होऊ द्या, मंग पाहू."

"पाहू म्हनजे?"

"पाहू म्हनजे पाहू."

पोळ्याच्या आधी शालिग्रामला छकड्यात बसवून पाठवलं. निघता निघता सोजराबाईनं त्याला बजावलं, उजव्या हातानं जेवजो, नाही तं माह्याशी गाठ हाये. पोर गेलं आणि घर खायला उठलं. सणाला बैल सजले, पुरणपोळीचा नैवेद्य झाला, पण हिनं घास उचलला नाही. दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. तानुबाईच्या चुलीशी पोर बसलेलं आहे, डाव्या हातानं पुरणपोळी मोडतं आहे आणि कुणी त्याला हटकत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. परत आणायला म्हणून गेली, पण दारातून गेली नाही. गोठ्यामागच्या कुडाशी उभी राहिली. आत तानुबाई बैलाच्या दाव्याला गाठ मारत होती आणि शालिग्राम दुसऱ्या बैलाच्या. दोघांचे डावे हात सारखे फिरत होते. पोर भराभर काम करत होतं. घरी हेच काम त्याला उजव्या हातानं धड जमायचं नाही आणि वरून धपाटा मिळायचा. तानुबाई काहीतरी बोलली आणि पोर मोठ्यानं हसलं. "तसं माह्याजवळ कधीच नाही हासला तो," असं माझ्या सासूनं मला सांगितलं तेव्हा ती म्हातारी झाली होती. इतका मत्सर तिला आयुष्यात झाला नव्हता. आत जाऊन पोराला ओढून आणावं असं वाटलं. पण ओढून आणलं तर ते कायद्यानं चोरीचं पोर झालं असतं. ती आल्या पावली परतली.

पोर आपल्याकडेच ठेवून तानुबाईनं दिवसाचा निरोप धाडला, आणि त्या दिवशी पंच जमले. वकिलांनी सांगून ठेवलं होतं, गावातली झाडून सगळी माणसं बोलवा. पुढं साक्षीला कुणीही उभं राहिलं पाहिजे. भगवंतराव मुद्दाम पुढं येऊन बसला. ऊन डोक्यावर आलं तरी तानुबाईचा पत्ता नाही. लोक कुजबुजू लागले. भगवंतरावानं चंची काढून पान लावायला घेतलं. सोजराबाई पाटावर बसून होती, रिकामी मांडी घेऊन, सगळ्या गावासमोर.

छकडा आला. तानुबाई पोराचा हात धरून उतरली आणि समोरच्या पाटावर बसली. शालिग्राम लाजत होता. एवढा घोडा मांडीवर कसा बसणार? तिनं त्याला ओढून बसवलं. त्याचे पाय पाटाबाहेर जमिनीवर पसरले होते. लोक हसले. तानुबाई हसली नाही. तिनं त्याच्या डोक्याचा वास घेतला, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं आणि तशीच बसून राहिली. पाटील खाकरले. "बाई, बोला आता."

मग तिनं पोराला उठवून सोजराबाईच्या मांडीवर बसवलं. पण हात सोडला नाही. त्याचा डावा हात तिनं उचलून सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"जाऊबाई, हे पोरगं डावखोरं हाये. माह्यावानी. ह्या मनगटावरचा वण म्या पाह्यला. याले आता उजवा करायले जाऊ नोका. असाच घेता का? असाच घेत असान तं देल्ला. नाही तं घेऊन चालली मी."

भगवंतरावाचं पान तसंच हातात राहिलं. आठ वर्षं जो हात सोजराबाईच्या डोळ्यांत खुपला, ज्या हातात तिला दर घासाला दुसरी बाई दिसली, तोच घ्यायचा, नाही तर काहीच नाही. आणि तेही भरल्या पंचांत बोलून.

"बोल न वं," कुणीतरी बाई मागून म्हणाली.

सोजराबाईनं तानुबाईच्या मुठीतून तो हात ओढून घेतला. ओढूनच, हळूच वगैरे काही नाही.

"घेतला," ती म्हणाली. "हातासगट घेतला."

भगवंतराव उठून गेला. नोटिशीचं पुढं काही झालं नाही. तानुबाई त्या दिवशी जेवली, आणि पुढं दर सणाला येत गेली. सोजराबाई तिला पाट द्यायची, पुरण वाढायची आणि ती गेली की तिच्या चालण्याला, बोलण्याला, भाकरी थापण्याला नावं ठेवायची. गाव वर्षानुवर्षं म्हणायचं, माय असावी तर तानुबाईसारखी, पोटचं पोर दिलं. हे कानावर आलं की माझी सासू तणतणायची, "देनारीचं नाव होते. घेनारीनं रातभर उशाशी बसून गोवर काहाडला, त्याचं कोनी बोलते का?" खरं होतं तिचं. मी मात्र तेव्हा मुद्दाम गप्प बसायचे. मलाही तिचा राग कमी नव्हता.

तानुबाई वारली त्यानंतर माझा थोरला पोरगा आपल्या हातानं जेवू लागला. एक दिवस त्यानं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. मी सवयीनं त्याच्या हातावर चापट मारली. तोवर म्हातारी माजघरातून भिंत धरत आली आणि माझा हात पकडला.

"खबरदार त्या हाताले हात लावशीन तं."

"अहो आत्याबाई, सवय लागेल. लोक म्हणतील, तानुआजीवर गेला."

"म्हनू दे कोनाले म्हनायचं ते. तानूचा नाही तो हात," ती म्हणाली आणि पोराच्या त्या हातात स्वतः भाकरीचा तुकडा दिला. "माहा हाये. म्या घेतला हाये, भरल्या पंचांत."