पिवळे तांदूळ

पिवळे तांदूळ पायाशी पडले आणि माय वाकली.

मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं अंगण. मतदान तोंडावर आलेलं. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं हळद लावलेल्या तांदळानं देतात. या घराण्यानं तीच रीत मताला लावलेली. तांदूळ घेतले म्हणजे शब्द दिला. त्यांच्या जातवाल्यांना ओंजळीत तांदूळ, वर पानसुपारी. आमच्या बौद्ध टोलीला ओट्यावरून सोडायचे. विटाळ नको. ओंजळीत पडले ते पडले, बाकी वेचायचे.

"सारे उचल वो बाई. मत सांडून नको जाऊ," मालगुजार म्हणाला. लोक हसले.

रोवण्याच्या दिवसांत माय त्याच्याच धानाच्या बांधीत अशी वाकलेली असायची. तांदूळ तिनंच रोवलेल्या धानाचे. घरी कण्यांची पेज.

रस्त्यानं मी बाबांना विचारलं, "काऊन घेता जी ते तांदूर?"

"देव सोडले आपन. जबान नाई सोडली."

छप्पन साली आजोबांनी घरातले देव नदीत शिरवले. तांदळाचा धाक तेवढा घरात राहिला. मतदान केंद्रात, पडद्यामागं कुणी बघत नसायचं. तरी आमची माणसं तांदूळ आठवून ठप्पा मारायची.

पुढं मी तिरोड्याला कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. अभिमान आहे, लपवत नाही. गुप्त मतदानावर पेपरात पानभर लिहिलं, मार्क मिळवले. गावी आले तर तेच अंगण. बाबा नव्हते. ओट्यावर मालगुजाराचा मुलगा. विधानसभेचं मतदान, शिवारात धान कापणीला आलेलं.

मी ओंजळ पसरली नाही. तांदूळ मातीत पडले. माय सवयीनं वाकू लागली. मी तिचा दंड धरला.

"काऊन वो बी.ए.वाली, तांदूर चावून राहिले का तुले?"

"हातात द्या. नाही तर राहू द्या."

"तुह्या बापानं तं घेतले."

"बापानं घेतले. मी नाही घेत."

"मंग कापनीले येऊ नका."

कापणी म्हणजे आमचं वर्षाचं खाणं. मायनं माझ्या हातातून दंड सोडवला. मला वाटलं, वाकते. ती तांदूळ ओलांडून चालू लागली.

आमच्या मागं टोलीतल्या बऱ्याच जणांनी वेचलेच. त्यांच्यावर राग नाही. त्यांनाही पोटं होती. आम्ही त्या वर्षी बोदलकशाकडच्या गावांत कापणीला गेलो. पहाटे निघायचं, अंधारात परत. मायचे पाय सुजायचे. एकदाही म्हणाली नाही की चुकलं.

आता निळे दुपट्टे घालून आमचेच लोक येतात. "आपलं रक्त आहे, मत घरातच राहिलं पाहिजे." थकवा येतो. तांदूळ नाहीत, एवढाच फरक. मी त्यांना पाणी देते. शब्द देत नाही.

मायनं त्या वर्षी कुणाला मत दिलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ती सांगत नाही. आमच्या घरातलं मत आता घरालाही माहीत नसतं. एवढं मिळवलंय. ते कुणालाही परत देणार नाही.