चूपबाई

शिक्षिकेला तिच्याच वर्गात, पोरांदेखत "चूप" म्हणणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. आमच्या आगाशीच्या शाळेत त्या दर मंगळवारी स्पीच थेरपिस्ट म्हणून यायच्या. वाचताना अडणाऱ्या मुलांना शिकवायचं आणि त्यांना कसं शिकवावं ते आम्हालाही शिकवायचं, असं त्यांचं काम. यातलं दुसरं आम्ही कुणी मागितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव चूपबाई पडलं, ते मीच पाडलं.

शाळेचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. आल्या की मुलाशेजारी खुर्ची ओढायची, पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "अंदाज नको. अक्षरं बघ." मूल अडखळलं की कुठल्याही शिक्षिकेच्या तोंडून पुढचा शब्द निघतोच. मी नुसतं तोंड उघडलं की त्यांचं बोट वर. "बाई, चूप. त्याचं त्याला वाचू द्या." पोरं खिदळायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्या तिसरीच्या वर्गात रोशनी होती. तिची आजी अर्नाळ्याहून मासे आणून इथल्या बाजारात विकायची. नात वर्गात मुकी. हिला मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. चूपबाईंनी फक्त तसं लिहून द्यायचं होतं. त्यांनी साफ नकार दिला. "पोरगी मंद नाही. वर्गात तिला कुणी दम घेऊ देत नाही," मोठ्या बाईंसमोर, माझ्याकडे बघत म्हणाल्या. मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, वर्गभर पोरं एकटीने सांभाळून दाखवा.

"नाही जमणार मला. म्हणून काय हिला हाकलायचं?"

रोशनी राहिली. चूपबाईंचं येणं मात्र शाळेने बंद केलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? शेवटच्या मंगळवारी त्या माझ्या वर्गाच्या दारात थांबल्या. "रोशनी वाचेल. तुमच्यासमोर नाही वाचणार." एवढं बोलून चालत्या झाल्या.

त्यानंतर वर्षभर रोशनीने माझ्यासमोर एक ओळ वाचली नाही. परवा बाजारात कोळंबी घ्यायला गेले, तर ती आजीच्या पाटीमागे मोबाईलवरचा मेसेज वाचत होती. शब्दाखाली बोट, मध्येच थांबत, दम घेत. "मावशी... दोन... सरंगे ठेवा... संध्याकाळी..." मी पुढे झाले. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि तोंड मिटलं.

"वाच ना गो, थांबली कशाला?" आजी म्हणाली.

मी कोळंबी न घेताच निघाले. थोडं पुढे गेल्यावर मागे तिचं वाचणं पुन्हा सुरू झालं. चूपबाईंचा इतका राग मला त्या पोरांदेखत चूप म्हणायच्या तेव्हाही आला नव्हता.