निळी बाटली आणि तांब्याचा हंडा

वडील गेल्यावर आईला सोबत हवी, हे पुण्यातल्या माझ्या भावाच्या लक्षात आलं आणि स्वतः येण्याऐवजी त्यानं मासे पाठवले. काचेची टाकी, खाली रंगीत खडे, पाण्यात पाच सोनेरी मासे. फोनवर म्हणाला, "आक्का, आईचा वेळ जाईल." आईला वेळ जात नाही अशी तक्रार आजवर कुणी ऐकलेली नाही. वेळ नसतो तो त्याला.

आई पंचाहत्तरीची. नळ आला की पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय चूल पेटत नाही. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातून आले त्यातच परत सोडायचे, ही आमच्या जैन घरातली रीत. आडाच्या काळात ते जमायचं, नळात परत काय सोडणार? टाकी आल्यावर तिला जागा मिळाली. रोज ती फडकं उलटं करून टाकीत विसळायची आणि मासे पुढं होऊन ते जीव मटकावायचे. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी टाकीतलं पाणी बदललं. आईनं गाळलेलं, पण शेवटी नळाचंच, आणि त्या दिवशी त्याला क्लोरीनचा असा वास होता की चहासुद्धा दवाखान्यासारखा लागला. संध्याकाळपर्यंत दोन मासे उलटे तरंगले. आईनं ताट बाजूला सरकवलं.

"घरात जीव गेला की. मी जेवत न्हाय."

दोन माशांचे दोन उपवास, लागोपाठ. तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, उपाशी राहिली की साखर धाडकन उतरते. डॉक्टरांनी तिला सोडून मलाच झापलं. आता उरलेले तीन मासे जगले तरच आई जेवणार होती. भावाला कळवलं, तर त्यानं एका व्हिडिओची लिंक पाठवली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. उचगावहून येणारा दूधवाला म्हणाला, "आमच्या बोअरचं पाणी घाला, म्हशी पित्यात की." शेजारीण नृसिंहवाडीला निघाली होती, संगमाचं पाणी आणते म्हणाली. सगळे उंटावरचे शहाणे. मी हायस्कूलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं तोंडातला मावा एका गालात सारला आणि निळी बाटली पुढं केली.

"ही घ्या बाई. समदी हीच नेत्यात."

"यात काय असतं?"

"औषध असतंय."

"किती घालायचं?"

"टोपणभर."

कुठल्या टोपणानं, हे विचारल्यावर तो नुसता हसला. निळ्या बाटलीत माशांच्या बुरशीवर घालतात तो रंग होता. क्लोरीनशी त्याचा काडीचा संबंध नाही, एवढं मला कळत होतं. मग त्यानं दुसरी, पांढरी बाटली काढली. तिच्यावर एक मासा चक्क दात दाखवून हसत होता. खाली लिहिलं होतं की हे क्लोरीन घालवतं, जड धातू निष्प्रभ करतं, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर राखतं.

"जड धातू?" मी म्हटलं. "आमच्या घरात काय फौंड्री आहे?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन आपोआप उडून जातो, त्याला बाटली कशाला, असं एक छोटं व्याख्यान देऊन मी रिकाम्या हातानं घरी आले.

घरातलं सगळ्यात चांगलं भांडं म्हणजे वडिलांच्या आईचा तांब्याचा हंडा. तो चिंचेनं लख्ख घासला. तांब्याच्या पाण्यात जंतू मरतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. आम्ही दोघी रोज तेच पाणी पितो. गाळलेलं पाणी हंड्यात दीड दिवस ठेवलं, वास गेल्याची खात्री केली आणि टाकीत ओतलं. भावाला फोन करून सांगितलंही की तुझा व्हिडिओ ठेव तुझ्याजवळ.

दोन दिवसांत आणखी दोन मासे गेले.

आईनं पुन्हा ताट सरकवलं. मी विनवलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याला धरून उभी होती ती तशीच खाली बसली. अंगाला दरदरून घाम. मी जबरदस्तीनं साखरेचं पाणी पाजलं. अर्धं तिच्या पदरावर सांडलं. इतकी मी वडील गेले तेव्हाही घाबरले नव्हते.

ती सावरल्यावर शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि तडक दुकानात गेले, भांडायलाच. आजारी मासे विकतोस, म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पाणी कशात ठिवलं हुतं?"

"तांब्याच्या हंड्यात."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बाई, तांबं म्हंजे माशाला इख की," तो म्हणाला आणि पांढरी बाटली पुढं केली. जड धातूंची ओळ तिच्यावर तशीच होती. तांब्यात जंतू मरतात हे मला पाठ होतं, पण आणखी काय काय मरतं हा प्रश्न तीस वर्षांत मला पडला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात मुलींना कितीदा ऐकवली असेल.

घरी येऊन प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी भरलं, बाटलीवर सांगितलेले थेंब मोजून घातले आणि उरलेला एक मासा त्यात सोडला. मग आईसमोर बसले आणि मासे तिच्यामुळं नाही, माझ्यामुळं मेले, हे हंड्यासकट सांगून टाकलं. पाप माझं आहे, आता तरी जेव, म्हटलं.

 आईनं ताट ओढून घेतलं आणि भाकरी मोडली.

"व्हय? मग उपास तू धर."

उपवासांना मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी धरला. आई सावकाश, चवीनं, माझ्यासमोर जेवली. हात धुऊन आली, हंड्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला माझ्यापुढं ठेवला.

"पी. चांगलं असतंय म्हणतीस की."