भिंत ऐकणारे हवालदार

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षं मी धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होते. आमच्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. लढाईत दृष्टी गेलेल्या जवानांना आपलं आपण वावरता यावं, म्हणून काय शिकवता येईल, हे त्यांना शोधायचं होतं. जवान चालायचे आणि मी मागून टिपून घ्यायची, कोण कुठे चाचपडलं, कुठे धडकलं.

नरखेडकडचे एक हवालदार बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आले. सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही डोळे गेलेले. आम्ही त्यांना काठी दिली आणि लांब वऱ्हांड्यात चालायला सांगितलं. त्यांनी काठी काखेत मारली, सरळ चालत गेले आणि टोकाच्या भिंतीच्या हातभर अलीकडे थांबले.

थोडंफार दिसत असेल, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर जाड पट्टी बांधली. वाटेत जागा बदलून बदलून लाकडी पडदा उभा केला. प्रत्येक वेळी हवालदार त्याच्या अलीकडे थांबले.

"तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

"कोन जाने बाई. भिंत आली का चपलेचा आवाज दाटते. तुमाले नाही ऐकू येत?"

आम्हाला कुणालाच येत नव्हतं. मग डॉक्टरांनी त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले. हवालदार निघाले ते थेट पडद्यावर आदळले.

"काहून वं बाई, धडकवून राहिल्या त्यायले?" बायको माझ्यावर ओरडली.

हवालदार कपाळ चोळत हसत होते. म्हणाले, "आता झालो पाहा मी आंधळा!"

डॉक्टरांनी त्यांच्या कानांतले बोळे काढले. इतकी वर्षं डोळे तपासणाऱ्या त्या माणसाने हवालदारांना विचारलं, "हे बाकीच्यांना शिकवाल का?"

पुढचे दोन महिने हवालदारच आमचे मास्तर झाले. उमरेडच्या विणकर घरातला एक कोवळा शिपाई भिंतीवरचा हात सोडायला तयार नसे. हवालदार त्याला दारासमोर उभं करत, टाळी वाजवून तिचा परतणारा आवाज ऐकायला लावत आणि विचारत, "सांग गा, दार उघडं हाय का बंद?" आधी सगळंच चुकायचं. मग चुका कमी होत गेल्या.

एका सकाळी तो शिपाई एकटाच अंगणात उतरला. टाळ्या वाजवत थोडा चालला आणि थबकला.

"इथं झाड हाय का?" त्याने विचारलं.

समोर हातभरावर जुन्या कडुनिंबाचं खोड होतं.