तंबाखूच्या रानात सोयाबीन

निपाणीजवळचं ते रान आम्ही विकत घेतलं त्या दिवशी आई चपला न काढता सगळं रान फिरली. उभी हयात तिनं तिथं दुसऱ्याच्या तंबाखूचे शेंडे खुडले होते. मी बेळगावात जीवशास्त्र शिकवते. म्हटलं, आता इथं सोयाबीन.

बांधाखालच्या रानाचे मालक आप्पा हसले. "ह्या मातीला तंबाखूचीच सवय हाय. सोयाबीन यायचं न्हाय."

अडचण होतीच. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू त्या मातीत नव्हते. ते बियाण्याला चोळून न्यावे लागणार होते. पहिल्या वर्षी आणलेलं जिवाणूंचं पाकीट दुकानदारानं दारात उन्हात टांगलेलं होतं, हे नंतर कळलं. आतले जिवाणू कधीच मेले होते. पीक पिवळं पडलं, मुळांवर एक गाठ नाही.

"युरिया मारा आणि सोडा हा नाद," आप्पा म्हणाले.

"न्हाय मारणार," मी म्हटलं. युरिया मिळाला की रोप गाठी धरायचं टाळतं.

दुसऱ्या वर्षी ताजं पाकीट थंड पिशवीतून आणलं. आईनं गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं आणि ढगाळ दिवस बघून ओलीवर पेरलं. फुलोऱ्यात रोप उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी. आईनं एक नखानं फोडली. आत लालसर गुलाबी.

"जित्त्या हायत गं!"

तिसऱ्या वर्षी एक पट्टा मुद्दाम न चोळता पेरला. तिथंही गाठी आल्या; जिवाणूंनी उन्हाळा मातीत काढला होता. त्याच वर्षी आप्पांनीही सोयाबीन केलं. सगळं फिकं, फक्त आमच्या बांधालगत गर्द हिरवं. जिवाणू आपणहून फार लांब जात नाहीत, पण आमच्या रानातलं पाणी माती घेऊन तिकडंच उतरतं. मी त्यांना त्यांच्याच हिरव्या रोपावरच्या गाठी दाखवल्या.

"आमच्याच मातीतलं असंल," आप्पा म्हणाले.

आई पुढं झाली. "तुमच्या हिरीवर आमच्या वंजळीत पाणी वरनं वतत हुतासा. आमच्या रानातलं पाणी मातूर आडवलं न्हाईसा. बरं केलासा."

आप्पांनी एक गाठ नखानं फोडून बघितली. मग त्यांनी पाकीट कुठं मिळतं ते विचारलं.

"सांगतो की," आई म्हणाली. "घरला या. आमच्यात च्या प्या, मग सांगतो."

ते आले. कप रिकामा होईपर्यंत आईनं पत्ता सांगितला नाही.